'सेंद्रिय इलेक्ट्रॉनिक्स' की 'कार्बनी इलेक्ट्रॉनिक्स'?

प्रश्न आर्णी तालुक्यातल्या एका शिक्षकांचा आहे. शाळेच्या भित्तिपत्रकावर ॲलन हीगर या शास्त्रज्ञाची माहिती लिहिताना त्यांनी 'सेंद्रिय इलेक्ट्रॉनिक्स' आणि 'प्लास्टिकचे सौरघट' हे शब्द वापरले. ते वाचून एका पालकानं विचारलं, "सर, हे सेंद्रिय सोलर शेणखतावर चालते काय?" आता 'सेंद्रिय' खोडून 'जैविक' करावं का, असं ते विचारतात.

'जैविक' नको, 'कार्बनी' करा. पालकांचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेऊ नका. शब्दाचा जो अर्थ गावात चालतो, तोच त्यांनी घेतला.

स + इंद्रिय, म्हणजे इंद्रियं असलेलं, सजीवाचं. काही द्रव्यं फक्त सजीवांच्या शरीरातच तयार होतात, अशी युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांची एकेकाळी समजूत होती, त्यातून इंग्रजीत 'ऑर्गॅनिक' आणि मराठीत 'सेंद्रिय' हे नाव पडलं. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर यांनी मूत्रात सापडणारा युरिया प्रयोगशाळेत तयार केला. पुढे समजूत मागे पडली, नाव तेवढं टिकलं आणि त्याचा अर्थ झाला 'कार्बनच्या संयुगांचं'. आता गंमत बघा. रसायनशास्त्राच्या हिशेबात कृषी केंद्रातली युरियाची बॅग सेंद्रिय, कपाशीवर वर्षानुवर्षं फवारलं गेलेलं मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशकसुद्धा सेंद्रिय! आणि आपल्याकडे सेंद्रिय शेतकरी कोण, तर या दोन्हींना हात न लावणारा.

शेतीतलं 'सेंद्रिय' आलं वेगळ्या वाटेनं. अख्खं शेत हाच एक सजीव देह, या कल्पनेतून इंग्लंडमधल्या लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी १९४० मध्ये 'ऑर्गॅनिक' हाच इंग्रजी शब्द शेतीला लावला. मराठीत त्याचंही भाषांतर 'सेंद्रिय'च झालं. विदर्भात त्यात आणखी 'जैविक' आणि 'नैसर्गिक' यांची भर पडली. अकोल्याचं पंजाबराव देशमुखांच्या नावाचं शेती मिशन आधी 'जैविक' होतं, नंतर 'नैसर्गिक' झालं. शेतीतच या शब्दांची अशी ओढाताण चालू असताना त्यातला एक उचलून इलेक्ट्रॉनिक्सला चिकटवण्यात शहाणपण नाही. शिवाय सजीव पेशींशी जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक्सची वेगळी शाखा आहे, 'जैव' तिच्यासाठी राहू द्या.

'कार्बनी' पोरांना परका नाही, दहावीच्या विज्ञानात 'कार्बनी संयुगे' हा धडाच आहे. पालकांसाठी माती परीक्षणाचा अहवाल पुढे करा. त्यात 'सेंद्रिय कर्ब' असा रकाना असतो. कर्ब म्हणजे कार्बन. हीगर यांच्या कामात त्या रकान्यातला 'कर्ब' आहे, शेणखत नाही, एवढं सांगितलं की पुरे.

आणि ते काम सांगण्यासारखं आहे. ठिबकची नळी पॉलिथिनची असते. तिच्यात कार्बनचे अणू माळेनं जोडलेले, पण सगळे बंध एकेरी, म्हणून वीज वाहत नाही. वेल्डिंगवाल्याकडच्या ॲसिटिलीन वायूपासून तशीच माळ केली तर तिच्यात एकेरी-दुहेरी बंध एकाआड एक येतात. जपानमध्ये हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत चुकून हजारपट उत्प्रेरक पडला आणि या पॉलिॲसिटिलीनचा चंदेरी पापुद्रा हाती लागला. पुढे १९७७ मध्ये अमेरिकेत हीगर, ॲलन मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी त्याला आयोडिनची वाफ दिली. आयोडिननं माळेतले काही इलेक्ट्रॉन ओढून घेतले, उरलेल्यांना सरकायला जागा झाली आणि पापुद्र्याची वाहकता एक कोटी पटींनी वाढली. २००० साली तिघांना नोबेल मिळालं, तेही रसायनशास्त्राचं. हीगर मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, हे भित्तिपत्रकावर जरूर लिहा.

सौरघटाचं काम त्यानंतरचं. उजेड पडल्यावर अशा प्लास्टिकमधला इलेक्ट्रॉन शेजारच्या फुलरिनच्या, म्हणजे कार्बनच्याच चेंडूसारख्या पोकळ रेणूत झटकन उडी मारतो, हे हीगर यांच्या गटानं १९९२ मध्ये दाखवलं. मग दोन्ही एकत्र कालवून त्याचा पातळ थर द्यायचा, म्हणजे उडी मारायला शेजार जागोजागी मिळतो. १९८६ मध्ये चिंग टँग यांच्या दोन थरांच्या कार्बनी घटाची कार्यक्षमता एक टक्क्याच्या आसपास होती, आज प्रयोगशाळेत ती १८ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. तरी रोही-डुकरांना शेतापासून दूर ठेवायला लावलेल्या झटका मशीनवरची सोलर प्लेट सिलिकॉनचीच असते. कारण ऊन, हवा आणि ओल लागून हे प्लास्टिक लवकर खराब होतं, आणि आपल्याकडचं वैशाखातलं ऊन तर विचारूच नका.

राहिला 'प्लास्टिकचे सौरघट' हा शब्द. तो तसाच ठेवा. 'बहुवारिकांचे (म्हणजे पॉलिमरचे) सौरघट' शास्त्राला धरून होईल, पण वाचणारा पहिल्याच शब्दाला अडेल. 'सौरघट'च्या जागी 'प्लेटा' मात्र नको, कारण प्लेटेत असे बरेच घट जोडलेले असतात.