लेपर्ड गेकोच्या टाकीला ऊब कशी द्यावी? नुसती हीट मॅट पुरेल का?

तुम्ही लिहिलंय की टोरंटोत राहता, मुलासाठी पुढच्या आठवड्यात लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाळीव पाल) आणणार आहात, थंडीत खोली 20-21 अंशांवर असते आणि दुकानदाराने हीट मॅटबरोबर (काचेच्या टाकीखाली लावायची, विजेवर तापणारी पातळ चटई) गरम होणारा दगड व रात्रीसाठी लाल बल्ब दिलाय. दगड आणि बल्ब परत करा आणि त्या पैशांत थर्मोस्टॅट घ्या, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद-चालू करणारं यंत्र. तो असेल तर तुमच्या खोलीच्या तापमानात मॅट पुरेल.

दगड एखाद्याच ठिकाणी फार तापतो आणि त्यावर पोट टेकून बसलेला प्राणी भाजतो. लाल बल्बची तर गरजच नाही, गेकोला रात्री काळोखच हवा.

हा मूळचा अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या कोरड्या, खडकाळ भागातला प्राणी. (आपल्या सातपुड्यातही याचा भाऊबंद आहे. त्याची वेगळी प्रजाती म्हणून 2014 मध्ये नोंद झाली.) दिवसभर तो कपारीत दडतो आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतो. शरीराची ऊब त्याला बाहेरूनच घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर खाल्लेले किडे पचत नाहीत, कधी उलटून पडतात, आणि मग तो खाणंच सोडतो. पण सारखं गरम राहणंही त्याला सोसत नाही. म्हणून अख्खी टाकी तापवू नका. एक टोक गरम, दुसरं गार, आणि कुठे बसायचं ते त्याने ठरवायचं.

गरम टोकाला जमिनीचं तापमान 31 ते 33 अंश सेल्सिअस ठेवा, गार टोकाला 21 ते 25. रात्री 20-21 पर्यंत उतरलं तरी चालतं. टाकी आखूड असेल तर हा फरक राहतच नाही, सगळीकडे सारखीच धग होते. म्हणून निदान 90 सेंटिमीटर लांबीची घ्या, उंची कमी असली तरी हरकत नाही. लेपर्ड गेकोच्या बोटांना चिकट गाद्या नसतात, तो काचेवर चढत नाही.

मॅट टाकीच्या बाहेरून, तळाच्या एक तृतीयांश भागाला एका टोकाशी लावा. टाकीला खाली छोटे पाय हवेत. हवा खेळली नाही तर उष्णता कोंडून काच तडकू शकते. वर टाइल किंवा पेपर टॉवेल अंथरा. मातीचा जाड थर दिलात तर मॅटची ऊब वर पोचतच नाही. तसा थर हवा असेल तर वरून हॅलोजन बल्ब आणि त्याला डिमिंग थर्मोस्टॅट (बल्ब बंद न करता त्याची धग हळूहळू कमी-जास्त करणारा) लावावा लागेल. वरची उष्णता मला स्वतःला जास्त आवडते, कारण ती हवाही तापवते. पण मुलाच्या पहिल्या गेकोसाठी मॅट सोपी.

आता प्रोबकडे, म्हणजे थर्मोस्टॅटच्या वायरच्या टोकाला असलेल्या तापमान मोजणाऱ्या भागाकडे, नीट लक्ष द्या, कारण बहुतेक अपघात तिथेच होतात. प्रोब टाकीच्या आत, गरम टोकाच्या लपण्याच्या जागेत, जिथे गेको पोट टेकेल तिथेच पक्का बसवा. तो सरकून गार बाजूला गेला तर थर्मोस्टॅटला वाटतं टाकी थंड आहे, आणि मॅट तापतच राहते. आत चिकटपट्टी मात्र अजिबात नको. तिला कातडी चिकटली तर सोलून निघते. हॉट ग्लूने चिकटवा, पूर्ण थंड होऊ द्या. थर्मोस्टॅटवरच्या आकड्यावर विसंबू नका. वेगळा डिजिटल थर्मामीटर किंवा इन्फ्रारेड गन (न टेकवता लांबून तापमान मोजणारं यंत्र) घेऊन रोज जमिनीचं तापमान बघा. टाकीच्या भिंतीला चिकटवायचा गोल काट्याचा थर्मामीटर फक्त हवेचं माप देतो, तेही भरवशाचं नाही.

लपायला तीन जागा द्या: गरम टोकाला एक, गार टोकाला एक आणि मध्ये ओलसर मॉस (शेवाळ) भरलेला एक डबा. कात टाकताना ओल मिळाली नाही तर बोटांवर कातडीची वेटोळी राहतात, रक्त अडतं आणि बोटं झडतात.

गेको घरी यायच्या आधी दोन-तीन दिवस टाकी रिकामीच चालू ठेवा आणि सकाळ, संध्याकाळ, मध्यरात्र असे आकडे लिहून काढा. हे काम मुलालाच द्या. आकडे जागेवर बसले नाहीत तर गेको आणायची तारीख पुढे ढकला, दुकानात तो आणखी आठवडाभर राहिला तरी चालेल. थंडीत वीज गेली तर टाकीवर जाड ब्लँकेट घाला, हवेला फट ठेवा, आणि ऊब परत येईपर्यंत त्याला खायला देऊ नका.