काचेच्या पेटीतली घडी

"ताई, माझा मोठा भाऊ सीमेवर शहीद झाला, त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. पार्थिव आलं त्या दिवशी अख्खा गाव रस्त्यावर होता. दुकानं बंद, शाळेची मुलं दुतर्फा उभी, फुलांनी सजवलेला ट्रॅक्टर. वहिनींना भोवळ येत होती म्हणून त्यांना घरातच बसवलं, तिरंगा मी घेतला. तो आता ग्रामपंचायतीत काचेच्या पेटीत आहे. गावाने दादाचं स्मारक बांधलंय, पण अनावरणाला वहिनी यायलाच तयार नाहीत. लोक नावं ठेवतात. त्यांना कसं समजावू?
– धाकटा दीर"

भाऊ, तुमचं मूळ पत्र चार पानी आहे. ट्रॅक्टर, घोषणा, कोणकोण पुढारी आले, सगळं आहे त्यात. तिरंग्याला मात्र एकच ओळ. मी तिथेच अडकले.

गावाने केलं ते मनापासून केलं, शंका नाही. १९६५ आणि १९७१च्या युद्धांत पडलेल्या बहुतेक जवानांवर आघाडीजवळच अंत्यसंस्कार झाले. घरी आली ती तार आणि मागाहून त्यांचं सामान. पार्थिव गावी पाठवायची पद्धत रुळली १९९९च्या कारगिलपासून, आणि तेव्हापासून गावं अशी लोटतात. लोटावीतच. पण पार्थिव आणतात ते आधी घरच्यांसाठी.

अग्नी देण्याआधी शवपेटीवरचा तिरंगा काढून घेतात, कारण ध्वजसंहितेप्रमाणे तो चितेवर जाऊ द्यायचा नसतो. जवान त्याची नीट घडी घालतात आणि ती जवळच्या नातेवाइकाच्या हातात देतात. एवढ्या मोठ्या सोहळ्यात ही एकच गोष्ट गावाची नसते, एका माणसाची असते. आणि तो माणूस तेव्हा घरात होता. बसल्या नव्हत्या त्या, 'बसवलं' होतं. शब्द तुमचाच आहे. बिगुल आणि फैरी त्यांनी भिंतीआडून ऐकल्या असतील.

भोवळ म्हणे! पेन्शनच्या कागदांसाठी तुम्हीच त्यांना तीनदा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेलंत, असं पुढे लिहिता. सह्या करताना कुणी त्यांना घरी बसवलं नाही ते?

नवऱ्याची शेवटची वस्तू बघायची तर बाईने पंचायतीत जायचं, शिपायाकडून कुलूप काढून घ्यायचं, आणि तेही कचेरीच्या वेळेत. आणि तुम्ही मला विचारता, त्यांना कसं समजावू! मी तर म्हणते, वर्षभर त्या तुमच्याशी बोलतात हेच खूप झालं.

तेव्हा समजावणं राहू द्या. उद्या सकाळी पेटी उघडा आणि घडी वहिनींच्या हातात द्या. सरपंच म्हणतील, तो गावाचा मान आहे. म्हणू देत. गावाला स्मारक आहे की. सोबत कुणाला नेऊ नका, मोबाइल खिशातच ठेवा. घडी विस्कटली असेल तर नीट करायला बसू नका, ते त्या बघतील. "वहिनी, हा तुमच्या हातात यायला हवा होता, चुकलं माझं," एवढंच म्हणा आणि अंगणात येऊन थांबा. आत हाक मारली तर जा, नाहीतर तसेच घरी या.

अनावरणाचा विषय त्या दिवशी काढायचा नाही. नंतरही तुम्ही नाही, त्यांनी काढला तरच.