झाडं बघून ओळखता येतात, मग डीएनए कशाला?

तुम्ही विचारलंय की जंगलातली जैवविविधता ओळखायला आणि वाचवायला डीएनएचा खरंच उपयोग होतो का, की नुसताच खर्च. होतो, पण पान मशीनमध्ये घातलं आणि नाव बाहेर आलं असं काही नसतं.

मी काही वर्षं झाडांच्या सॅम्पलवर काम केलंय. कोवळं पान तोडून सिलिका जेलच्या पाकिटात टाकायचं, लगेच वाळलं की डीएनए टिकतो. जून पान घेतलंत तर ट्यूबमध्ये तपकिरी शेंबडासारखं काहीतरी उरतं आणि पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायची पद्धत) बोंबलतो, मग चला परत जंगलात!

प्राण्यांसाठी २००३ मध्ये कॅनडातले जीवशास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी सीओआय नावाच्या जीनचा साधारण ६५० अक्षरांचा (डीएनएची ए, टी, जी, सी ही अक्षरं) तुकडा बारकोड म्हणून, म्हणजे जात ओळखायची खूण म्हणून सुचवला, झाडांमध्ये तो फारसा बदलतच नाही म्हणून २००९ मध्ये आरबीसीएल आणि मॅटके हे दोन जीन ठरले, तरी ओक, विलोसारख्या मंडळींमध्ये गोंधळ होतोच. आणि नाव मिळायला आधी कुणीतरी फुलाफळासकट नमुना ओळखून त्याचा बारकोड डेटाबेसमध्ये टाकलेला लागतो, नाहीतर नुसती अक्षरं बघत बसा.

प्राण्यांचं मात्र भारी आहे. २०१२ मध्ये व्हिएतनामच्या जंगलातल्या जळवांच्या पोटातल्या रक्तातला डीएनए तपासून तिथले दुर्मिळ ससे आणि भेकरं असल्याचं कळलं, प्राणी स्वतः न दिसता.

पण माझ्या मते खरा उपयोग नाव शोधण्यात नाही, एकाच जातीत आतून किती वेगळेपणा उरलाय ते कळण्यात आहे. फ्लोरिडा पँथर (अमेरिकेतल्या फ्लोरिडातले प्यूमा, मोठ्या रानमांजराची जात) २०-३० च उरले होते, आपापसातच प्रजनन, शेपट्या वाकड्या, हृदयात दोष. १९९५ मध्ये टेक्सासहून ८ प्यूमा माद्या आणून सोडल्या आणि पुढच्या काही वर्षांत संख्या जवळपास तिप्पट झाली. झाडांचंही तेच, फक्त त्यांची शेपटी वाकडी दिसत नाही. रोपवाटिकेत हजार रोपं उभी असतात, बघायला मस्त, आणि बी सगळं रस्त्यालगतच्या एकाच झाडाचं, कारण तिथे चढायला सोपं होतं! म्हणजे सगळी सख्खी नाहीतर सावत्र भावंडं. त्यामुळे लॅबचं बजेट नसेल तर निदान बी तरी लांब लांबच्या २५-३० झाडांवरून थोडं थोडं गोळा करा आणि कुठल्या झाडाचं कुठलं ते पिशवीवर लिहा, हे लिहायचंच लोक विसरतात.