तीन एकर जिराईत जमिनीवर आमचे घर कसे चालायचे

तीन एकर कोरडवाहू जमिनीवर आठ-दहा माणसांचे घर पूर्वी खरोखर चालायचे का, की ती केवळ आठवणीतली गोडी आहे, असे आपण विचारले आहे. आमचे घर मंगळवेढा तालुक्यातले. ते चालायचे, पण धान्य विकून नव्हे. ज्वारी बाजारात न्यावी लागली, तर घरात काहीतरी अडले आहे असेच गाव समजत असे.

आमच्याकडची जमीन काळी आणि खोल, पाऊस मात्र बेभरवशाचा. त्यामुळे पावसाळाभर रान कुळवून मोकळे ठेवायचे आणि ओल साधून सप्टेंबर-ऑक्टोबरात तिफणीने मालदांडी ही रब्बी ज्वारी पेरायची, अशी रीत होती. पुढे ते पीक बहुधा त्या ओलीवर आणि थंडीवरच पोसायचे. या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण तेव्हा ती फक्त घरची भाकरी होती. शेताच्या कडेने करडईचे तास असत, कारण त्या काट्यांतून गुरे आत शिरत नसत, आणि तिच्याच बियांचे घाण्यावरचे तेल घरात पुरत असे. बैल आमचा एक आणि शेजाऱ्यांचा एक. सावड करून दोन्ही घरांची पेरणी उरकायची.

रोख पैसा यायचा तो कडब्यातून. ज्वारी विळ्याने न कापता मुळासकट उपटत, म्हणजे कडबा लांब भरे; भेगाळलेल्या रानात दिवसभर ताटे उपसून आजीचे आणि चुलत्यांचे तळहात सोलून निघत. (आजच्या हुरडा पार्ट्यांत हे काम कोणी दाखवत नाही.) पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा अशी मोजणी व्हायची, आणि उन्हाळ्यात चारा महागेपर्यंत गंजीला हात लावायचा नाही, यावर आजोबा ठाम असत.

खाण्याची ज्वारी पेवात जाई. पेव म्हणजे कठीण मुरमात खोदलेले, अरुंद तोंडाचे खोल तळघर. आतून कडब्याचा थर, वर फरशी आणि चिखलाने लिंपलेले तोंड. ते उघडल्यावर लगेच आत उतरायला सक्त मनाई असे, कारण बंद धान्यामुळे आतली हवा विषारी झालेली असते. आजोबा दोरीला कंदील बांधून खाली सोडत. तो विझला, तर पेव तसेच उघडे ठेवून पुन्हा पाहायचे. त्या ज्वारीच्या भाकरीला एक आंबूस वास येई, आणि आम्ही मुले त्यावरून कुरकुरलो की आजी ताट उचलून घेत असे.

या सगळ्या व्यवस्थेत एक वाईट वर्ष निभावून नेण्याची ताकद होती, लागोपाठच्या वर्षांची नव्हती. १९७२ च्या दुष्काळाआधीची सालेही ओढगस्तीचीच गेली होती, त्यामुळे पेवाचा तळ आधीच दिसू लागला होता. घरातली कर्ती माणसे सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली, मुलांना सुकडी हा मदतीचा कोरडा खाऊ मिळाला, आणि मालदांडी पिकवणाऱ्या घरात रेशनवरच्या मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, भाकरी झाल्या. त्यानंतर धाकटे चुलते सोलापूरच्या गिरणीत लागले, आणि त्यांची मनिऑर्डर धरल्याशिवाय आमच्या घराचा हिशेब पुन्हा कधी जुळला नाही.