गोझोला जाताय? मग घाई घरीच ठेवा

माल्टाच्या या धाकट्या बेटावर निवांत राहायचं असेल तर जुलै-ऑगस्ट टाळा. सप्टेंबरअखेर समुद्र कोमट असतो आणि गर्दी ओसरलेली. शेंगेन व्हिसाचं मात्र आधीच बघा.

माल्टाच्या मुख्य बेटावरच्या चिरकेव्वा धक्क्यावरून फेरीने साधारण 25 मिनिटं लागतात. तिकीट परतताना घेतात, त्यामुळे जाताना खिडकी शोधत फिरू नका.

मुक्काम मार्साल्फोर्न किंवा श्लेंडी या समुद्रकाठच्या गावांत करा. गोझोचं मुख्य शहर व्हिक्टोरिया मध्यावर असलं तरी तिथे समुद्र नाही, मग रोज बस आलीच. रामलाची तांबूस वाळू सुंदर आहे, पण हा किनारा उत्तरेला उघडा. उत्तरेचा वारा जोरात असेल तर हट्ट नको, लाटा ओढून नेतात. त्या दिवशी दक्षिणेकडची श्लेंडीची खाडी बरी. तिथे वाळू कमी, खडक जास्त, म्हणून पाण्यातले बूट न्याच. जेलीफिशबद्दल स्थानिकांना विचारूनच उतरा.

गाडी डावीकडूनच चालवतात, पण गल्ल्या अरुंद! शाकाहारींनी वाटाण्याचे पास्तित्सी, म्हणजे सारण भरलेल्या खुसखुशीत पेस्ट्री, खावेत. स्वस्त आणि गरमागरम. शेजारच्या कोमिनो बेटावरचं ब्लू लगून? गर्दीमुळे दुपारी तर मुळीच नको.