एनक्लेक्सचा अभ्यास: औषधं पाठ आहेत, तरी उत्तर का चुकतं?

प्रश्न: मी पंचवटीत राहते. आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.एस्सी. नर्सिंग, प्रथम श्रेणी. दीड वर्षापासून नाशिकमध्येच एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. अमेरिकेत नर्सच्या परवान्यासाठी लागणाऱ्या एनक्लेक्स-आरएन परीक्षेची तयारी करते आहे. पुस्तक वाचलं की सगळं येतं, पण सराव प्रश्न सोडवले की १०० पैकी ४५–५० च बरोबर येतात. एक क्लास ‘पास होण्याची हमी’ देतो, पण फी खूप मागतो. बाबा म्हणतात, एवढे पैसे घालायचे तर आधी विचारून घे. माझं पाठांतर कमी पडतंय का? – एक स्टाफ नर्स

उत्तर: पाठांतर कमी पडत नाहीये. ४५–५० हा आकडा बघून घाबरूही नकोस. ही परीक्षा संगणकावर घडत जाते. तू बरोबर उत्तर दिलंस की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलीस की सोपा येतो. प्रत्येक प्रश्न तुझ्या कुवतीच्या काठावरचा असावा अशी तिची रचना आहे, म्हणून उत्तम तयारीच्या मुलींचेही जवळपास निम्मे प्रश्न चुकतात. टक्के मोजतच नाहीत. तुझी पातळी पासच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली की संगणक थांबतो. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. पुढे गेल्यावर मागचा प्रश्न पुन्हा उघडता येत नाही.

तुझं अडतंय ते दुसरीकडे. विद्यापीठाच्या पेपरात ‘डिजॉक्सिनचे दुष्परिणाम लिहा’ असं विचारतात. इथे पेशंट समोर ठेवून विचारतात, आता पहिलं काय करशील? तुला उत्तरं माहीत आहेत, त्यांचा क्रम बसलेला नाही.

एक प्रश्न घेऊ. ड्युटी सुरू झाली, चार पेशंट तुझ्याकडे. पहिला जुना दम्या-खोकल्याचा, सीओपीडी, २ लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९०. दुसऱ्याच्या पोटाच्या ऑपरेशनला दोन दिवस झालेत, वेदना १० पैकी ७. तिसऱ्याची मांडी काल मोडली, आता तो बेचैन आहे, दम लागतोय, छातीवर बारीक लाल ठिपके. चौथ्याची जेवणाआधीची साखर २१०. आधी कोणाकडे जाशील? बऱ्याच जणी ९० बघून पहिल्याकडे धावतात. पण सीओपीडीत ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं, तो आकडा अपेक्षित आहे. ऑपरेशननंतर दुखणं अपेक्षित, मधुमेह्याची २१० साखर बघायची आहे पण थांबू शकते. तिसऱ्याचं मात्र सगळं नवं आणि अचानक आहे. मोठं हाड मोडल्यावर साधारण १२ ते ७२ तासांत चरबीचे कण रक्तातून फुफ्फुसात आणि मेंदूकडे जाऊ शकतात. बेचैनी, दम आणि ठिपके ही तिन्ही त्याचीच लक्षणं. उत्तर तिसरा. आकडा किती बिघडला आहे यापेक्षा तो या पेशंटमध्ये अपेक्षित होता का, हा प्रश्न आधी विचारायचा. मग जुनं की नवं, मग झालेलं की होऊ शकणारं. श्वसनमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम तुला पाठ आहेच, पण तो या तीन प्रश्नांनंतर लाव.

आता औषधांकडे. पेशंट डिजॉक्सिन हे हृदयाचं औषध आणि फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध घेतो आहे, मळमळतंय म्हणतो, दिव्याभोवती पिवळं वलय दिसतं म्हणतो, पोटॅशियम २.९. फ्युरोसेमाइडने पोटॅशियम लघवीवाटे गेलं. पेशीच्या सोडियम-पोटॅशियम पंपावर पोटॅशियम आणि डिजॉक्सिन एकाच जागेसाठी भांडतात, त्यामुळे पोटॅशियम घटलं की त्याच डोसची विषबाधा होते. म्हणून रक्तातली डिजॉक्सिनची पातळी मर्यादेत असली तरी धोका संपत नाही. पहिलं काम, पुढचा डोस रोखणं आणि छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजणं. प्रौढात ६० च्या खाली असतील तर डोस द्यायचा नाही. मग मॉनिटर, मग डॉक्टरांना कळवणं.

पोटॅशियम चढवायची ऑर्डर आली की पुढचा सापळा येतो. आपल्याकडच्या १० मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं, हे तू रोज हातात धरतेस. ते कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही, हृदय थांबतं. नेहमी पातळ करून, पंपावर, आणि हाताच्या शिरेतून तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर जायचं नाही. सुरू करण्याआधी लघवी तासाला निदान ३० मिली होते आहे ना, हे बघायचं, कारण मूत्रपिंड चालत नसेल तर हेच पोटॅशियम साठत जातं. हाताला जळजळ सांगितली तर गती कमी करून सुईची जागा बघायची. एका पेशंटवर असे सहा-सात प्रश्न निघू शकतात. २०२३ च्या एप्रिलपासून परीक्षेत आलेल्या केस स्टडी अशाच आहेत. प्रत्येकाला तीन केस, दर केसला सहा प्रश्न: काय खटकतंय ते टिपणं, त्याचा अर्थ लावणं, सर्वांत धोक्याचं ठरवणं, उपाय सुचवणं, कृती करणं, परिणाम तपासणं.

आपल्या वॉर्डात घडलेल्या मुलींचे मार्क जातात ते मुख्यतः सवयींमुळे. रक्त चढवताना पेशंटला थंडी वाजली, कंबर दुखायला लागली, तर आपला हात गती कमी करण्याकडे जातो आणि मग आपण डॉक्टरांना बोलावतो. परीक्षेत उत्तर आहे: रक्त ताबडतोब बंद, नळी बदलून नव्या नळीने नॉर्मल सलाइन सुरू, मग डॉक्टरांना कळवणं, पिशवी आणि नळी रक्तपेढीकडे. ‘डॉक्टरांना कळवा’ हा पर्याय दिसला की आधी विचार कर की त्याआधी नर्सने स्वतः करायचं काही उरलंय का. उरलं असेल तर तो पर्याय चूक.

दुसरी सवय कामवाटपाची. इथे मावशी, मामा आणि नातेवाईक मिळून बरंच काम उचलतात. तिथे नोंदणीकृत नर्स, तिच्या हाताखाली एलपीएन (कमी शिक्षणाची परवानाधारक नर्स) आणि नर्सिंग असिस्टंट अशा पायऱ्या आहेत. पेशंटची पहिली तपासणी, शिकवणं, परिणाम ठरवणं आणि अस्थिर पेशंट ही कामं नोंदणीकृत नर्सने कोणाला द्यायची नसतात. स्थिर पेशंटला तोंडाने द्यायची औषधं एलपीएन देऊ शकते; अंघोळ, जेवण भरवणं, स्थिर पेशंटचा बीपी असिस्टंटकडे. ऑपरेशननंतर पहिल्यांदा उभं करताना मात्र तू स्वतः हजर हवीस. या व्यवस्थापनाच्या भागाला एकट्याला १५ ते २१ टक्के वजन आहे, आणि आपल्या मुली नेमका तोच शेवटच्या आठवड्यावर ढकलतात.

तिसरी गोष्ट, परीक्षेतल्या रुग्णालयात खाटा, माणसं, सामान सगळं असतं. क्षयरोगी म्हणजे ऋण दाबाची स्वतंत्र खोली, तुला एन-९५, आणि पेशंट खोलीबाहेर नेताना त्याला साधा सर्जिकल मास्क. ‘खोली नसेल तर?’ हा विचार तिथे करू नकोस. क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल या जुलाबाच्या जंतूच्या पेशंटनंतर हात साबण-पाण्याने, कारण सॅनिटायझरने त्याचे बीजाणू मरत नाहीत.

नावांची आणि मापांची अडचण छोटी आहे, एका आठवड्यात संपते. आपलं पॅरासिटामॉल म्हणजे तिथलं असिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रेनलिन म्हणजे एपिनेफ्रिन, पेथिडिन म्हणजे मेपेरिडिन. वजन पौंडात आलं तर २.२ ने भाग: १७६ पौंड म्हणजे ८० किलो. ड्रिपमध्ये २० थेंबांचा सेट (एका मिलीला २० थेंब) गृहीत धरू नकोस, प्रश्नात दिलेला वापर. १००० मिली ८ तासांत, १५ थेंबांचा सेट, म्हणजे मिनिटाला ३१ थेंब. सवयीने २० धरलेस तर ४२ येतील आणि प्रश्न गेला. अनेक पर्याय निवडायच्या प्रश्नात आता अर्धवट गुण मिळतात, पण चुकीच्या खुणेने मिळालेला गुण कापलाही जातो, तेव्हा अंदाजाने सगळ्यांवर खूण करू नकोस.

अभ्यास असा कर. नोकरी सांभाळून चार महिने धर. रोज ४० प्रश्न, आणि सोडवायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ स्पष्टीकरणं वाचायला, बरोबर आलेल्या प्रश्नांचीसुद्धा. वहीत चुकलेल्या प्रश्नापुढे फक्त कारण लिही: माहीत नव्हतं, नीट वाचलं नाही, किंवा क्रम चुकला. दोन आठवड्यांनी मोज. तुझ्या पत्रावरून मला वाटतं ‘क्रम चुकला’ सर्वांत जास्त निघेल, आणि तसं असेल तर आणखी पुस्तकं घेऊन काही उपयोग नाही. नाइटनंतर प्रश्न सोडवू नकोस, त्या दिवशी आधी झोप. तुझ्याकडे आयसीयू आहे, हे मोठं भांडवल आहे. हँडओव्हर घेताना, खाटांकडे जाण्याआधी, मनात ठरव: आधी कोण, का, आणि पुढच्या दोन तासांत याचं काय बिघडू शकतं. शिफ्ट संपताना ताडून बघ.

आता बाबांसाठी. हमी कोणीच देऊ शकत नाही. परीक्षा अमेरिकेतल्या नर्सिंग मंडळांची राष्ट्रीय परिषद घेते, तिथे क्लासचा हात पोचत नाही. परीक्षेची नोंदणी २०० डॉलर, भारतातून देण्याचं शुल्क आणखी १५० डॉलर आणि कर. राज्याच्या मंडळाची फी आणि कागदपत्रांची पडताळणी वेगळी. नापास झाली तर ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं. चांगली प्रश्नपेढी आणि शिस्त एवढ्यावर भागतं; क्लास लावायचाच तर महिन्याच्या फीवर लावा, बाँडवर सही करू नका. आणि एक गोष्ट घरात आजच स्पष्ट बोलून घ्या, की पास होणं म्हणजे विमानात बसणं नव्हे. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांना बरीच वर्षं थांबावं लागतं. ही परीक्षा कॅनडात २०१५ पासून चालते आणि ऑस्ट्रेलियातल्या नोंदणीच्या वाटेवरही लागते, त्यामुळे एकाच देशावर सगळा हिशेब मांडू नका.

केंद्र मुंबईचं घेतलंस आणि सकाळची वेळ मिळाली तर पंचवटी एक्स्प्रेसच्या भरवशावर राहू नकोस, ती मुंबईत दहानंतर पोचते. आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो आणि नोंदणीतलं नाव त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं, पासपोर्टवर वेगळी मांडणी. दोन्ही शेजारी ठेवून या आठवड्यातच ताडून बघ. फरक निघाला तर आधी ती दुरुस्ती सुरू कर, मग मंडळाकडे अर्ज. ट्रान्सक्रिप्टमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाच्या तपशीलवार उताऱ्यात, बालरोग, प्रसूती आणि मानसोपचार या विषयांचे थिअरीचे आणि वॉर्डातले तास वेगवेगळे लिहून आले आहेत ना, तेही बघून घे. तसे नसतील तर तुझ्यासाठी म्हसरूळचं विद्यापीठ काही लांब नाही.