डूलॅली आणि देवळाली

चिनू,

शनिवारी गाडीत तू विचारलंस ते अजून डोक्यातून जात नाहीये. मंडळाच्या कार्यक्रमातून येताना, "आई, त्या काकूंनी गाव विचारलं तर देवळाली म्हणालीस, आणि माझ्या टीचरना नेहमी नियर मुंबई सांगतेस, डूलॅलीमुळे का?" मी म्हटलं थांब, पुढे राउंडअबाउट आहे. राउंडअबाउट नव्हता.

हो, त्यामुळेच. इथे पहिली नोकरी लागली तेव्हा ऑफिसात एकजण कुणाबद्दल तरी म्हणाला की ती पार डूलॅली झालीय, आणि कानशिलाशी बोट फिरवलं. मी हसले, सगळे हसले म्हणून. घरी येऊन शोधलं तर वेडं होण्याच्या त्या इंग्रजी शब्दात आपली देवळाली निघाली, आणि तेव्हापासून मी मुंबईजवळची झाले. मुंबई तिथून पावणेदोनशे किलोमीटर, मधे अख्खा कसारा घाट. आजीला सांगू नकोस.

तर ते असं. इंग्रजांनी 1861 मध्ये तिथे कॅम्प वसवला, त्यांच्या सोल्जरांना बोटीवर चढवायच्या आधी ठेवायला. नोकरीची वर्षं भरली की सोल्जर तिथे यायचा, पण बोटी सुटायच्या फक्त हिवाळ्याच्या मोसमात, मोसम संपल्यावर पोचला की बस महिनोन् महिने, ऊन, काम नाही, दारू, हिवताप, आणि काहींची डोकी फिरायची. त्याला ते डूलॅली टॅप म्हणायचे. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप! म्हणजे दोन्ही शब्द आपल्याकडचे, वेड मात्र घरी जायला मिळेना म्हणून त्यांना लागलेलं. हे मी त्या ऑफिसात तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तेव्हा मलाही माहीत नव्हतं आणि माहीत असतं तरी बोलले असते की नाही कुणास ठाऊक.

आम्हाला लहानपणी यातलं काही कुणी सांगितलं नाही. आमच्यासाठी कॅम्प म्हणजे कॅम्प, अण्णा सायकल काढून म्हणायचे कॅम्पात जाऊन येतो, येताना सिंध्याच्या दुकानातून बिस्किटं. एका रस्त्याचं नाव रेस्ट कॅम्प रोड, मी मोठी होईपर्यंत तो एकच शब्द समजत होते, रेसकॅमरोड. कोण रेस्ट घेत होतं हा प्रश्नच पडला नाही. तोफखान्याचं स्कूल आहे ना तिथे, फायरिंग सुरू झालं की खिडक्यांची तावदानं थरथरायची, फडताळातली भांडी वाजायची, आणि आजी एका हाताने बरण्या धरून म्हणायची, सुरू झालं यांचं. मी आणि ताईमावशी बार मोजायचो. इथे फटाके वाजले की तू कानावर हात ठेवतोस आणि मी मोजते, ते त्यामुळे.

गंमत म्हणजे मूळ देवळाली गाव वेगळंच, ते नाशिकरोड स्टेशनच्या शेजारी. कॅम्प काही किलोमीटर लांब, पण नाव तोच घेऊन गेला, आता नुसतं देवळाली म्हटलं की कॅम्पच समजतात आणि गाववाल्यांना देवळाली गाव असं सांगत बसावं लागतं. मामाआजोबांचा पत्ता आठवतो? उल्हासनगर, कॅम्प नंबर चार. दुसऱ्या महायुद्धातला कल्याण कॅम्प तो, फाळणीनंतर बराकींमध्ये सिंधी निर्वासित राहिले, 1949 मध्ये उल्हासनगर नाव ठेवलं तरी नंबर काही गेले नाहीत. दापोलीला तर म्हातारी माणसं अजून कॅम्प दापोली म्हणतात. आपला स्वतःचा शब्द होता की छावणी, पेशव्यांच्या फौजा पावसाळ्यात मुक्काम करायच्या त्याला छावणी करणं म्हणत. तो शब्द सोडून आपण कॅम्प का धरला, मला नीट उत्तर देता येत नाही. तोंडात बसला, झालं.

आणि गाव विचारायची आपली ती सवय, ती मला आवडते आणि नाहीही. आधी आडनाव, मग गाव, मग तिथल्या अमक्यांना ओळखता का. खूपदा त्यात प्रेम असतं, आणि कधीकधी जात काढायची युक्तीही असते, ते तू मोठा झालास की कळेल. त्या काकूंची मात्र बहीण भगूरला दिलेली निघाली, म्हणजे कॅम्पाच्या अगदी शेजारी, म्हणून आम्ही तासभर बोलत बसलो आणि तुला भूक लागली. त्याबद्दल सॉरी.

तुला कुणी विचारलं तर तू काय सांगायचं ते तुझं तू ठरव, तू इथलाच आहेस, माझा आग्रह नाही. (थोडा आहे.) पुढच्या बुधवारी पेरेंट्स इव्हनिंग आहे, टीचरना मी देवळाली म्हणणार आहे. त्या हसल्या तर तू टेबलाखालून पाय मारू नकोस. आणि डिसेंबरात जाऊ तेव्हा नाशिकरोडला नको, मुंबईकडून येताना त्याच्या आधीच्या देवळाली स्टेशनला उतरू, सगळ्या गाड्या थांबत नाहीत पण बघते कुठली मिळते ते. पाटीचा फोटो तू काढ.

आई